चार पॉइंटांची खोट

पंच्याण्णव साली गणपती दूध पितोय म्हणून सगळं ठाणं वाट्या-चमचे घेऊन देवळांसमोर रांगेत उभं होतं, त्या दिवशी मी घरातल्या उरलेल्या दुधाचा चहा केला आणि एकटीने दोन कप प्यायले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मी कोणत्या गटातली आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसते. तोच पिंपळ, तीच पांढरी साडी, तेच मागे वळून बघू नको... माझ्या अनुभवात यातलं काही नाही. त्यात दुपार आहे, ट्यूबलाइट आहे, स्टीलच्या ताटलीतले पोहे आहेत आणि सापशिडीच्या डब्यातला एक फासा आहे. आणखी एक – मला उतारे सुचवू नका, कुणाचे पत्ते पाठवू नका. मी जाणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगते, कारण तीस वर्षांत मला त्याचं गणित सुटलेलं नाही आणि मी हरले असंही मला म्हणायचं नाही.

साल १९९४. आम्ही वर्तकनगरला कॉलनीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय स्टॅटिस्टिक्स. माझा भाऊ मिलिंद माझ्याहून दीड वर्षाने लहान. माझ्या वर्गातले दोघे दर रविवारी आमच्याकडे यायचे – डोंबिवलीहून प्रसाद आणि चेंदणी कोळीवाड्यातून जयेश. अडीच ते सहा. चारपर्यंत आवाज करायचा नाही, अशी आईची अट, कारण आतल्या खोलीत बाबा झोपलेले असायचे.

आम्ही एक खेळ खेळायचो. प्रसादचा मामा बोटीवर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलेलं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. "मी कड्यावरून उडी मारतो" असं कुणी म्हटलं की उडी जमली की नाही ते फासा सांगणार. खोपटच्या डेपोसमोर पुस्तकाची झेरॉक्स काढली आणि गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. का, तर घरात केकचे तुकडे करायचं कामसुद्धा माझ्याकडेच असायचं. सारखे व्हायचे.

त्या पुस्तकात एक नियम होता, त्यावरच हे सगळं उभं आहे. खेळाडूने आपल्या माणसाला एखादी खोट द्यायची – लंगडा आहे, रागीट आहे, हावरट आहे – आणि त्या बदल्यात पॉइंट घ्यायचे. त्या पॉइंटांतून ताकद, नेमबाजी, जे हवं ते. म्हणजे जितकी खोट मोठी, तितका फायदा. आता असा नियम दिल्यावर आपली माणसं काय करणार? जी खोट कधीच आडवी येणार नाही ती शोधणार. प्रसादने पहिल्या दिवशी लिहिलं, "उंटाला घाबरतो." आमची गोष्ट सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची, एका खिंडीवर पहारा देणाऱ्या तिघांची. उंट कुठून येणार? मी ते खोडलं आणि त्याला हाव दिली.

मग मी घरचा नियम केला. जी खोट त्रास देत नाही ती खोट नाही. खोट किती आडवी येईल ते बघून मी तिला एक ते सहा पॉइंट देणार. आणि दर रविवारी खेळ सुरू होताना प्रत्येकाच्या खोटीसाठी मी एकदा फासा टाकणार. सहा पडला की ती खोट त्या दिवशी जागी झाली, मग मी ती गोष्टीत आणायचीच. मला या नियमाचा फार अभिमान होता. पुस्तकातल्यापेक्षा चांगला आहे, असं मी चारचौघांत म्हणायचे.

मिलिंदने आपल्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं लिहिलं. जयेश बराच वेळ पेन हातात घेऊन बसला होता. मग त्याने लिहिलं, "भैरू. पाण्याला घाबरतो."

"कोळ्याचा पोरगा आणि पाण्याला घाबरणारा माणूस घेतोय," प्रसाद हसला. "अरे पण यांच्या मुलखात पाणी आहेच कुठे? फुकटचे पॉइंट झाले."

खरं होतं. मुलूख मी मुद्दाम कोरडा घेतला होता, होड्यांचे नियम वाचायचा मला कंटाळा होता. पण मी म्हणाले, "सहा पडला तर मी पाणी आणेन. नदी आणेन, पूर आणेन."

"आण," जयेश म्हणाला. मी चार पॉइंट दिले. त्याने चारही नेमबाजीवर लावले आणि भैरूचा बाण कधी चुकेना.

जून गेला, जुलै गेला. प्रसादची हाव तीनदा जागी झाली, एकदा तर तिच्यापायी तिघे कोठडीत गेले. मिलिंदचं खरं बोलणं दोनदा नडलं. भैरूची खोट झोपलेलीच. मी तेव्हा फासा आडोशाला टाकायचे, पुस्तकातच तसं सांगितलं होतं. वाण्याकडून आलेलं जुनं कॅलेंडर दुमडून उभं करायचं आणि त्यामागे फासा. त्यामुळे बाकीच्यांना फक्त माझा शब्द ऐकू यायचा.

दसऱ्याआधीचा रविवार हा सोळावा. सोळा वेळा सहा न पडणं – शंभरात पाच वेळा होऊ शकतं. काही विशेष नाही. पण प्रसाद कुरकुरायला लागलेला आणि मला माझ्या नियमाचं हसं झालेलं नको होतं. त्या दिवशी फासा पडला तीन. आणि मी म्हणाले, "सहा. भैरूची खोट जागी."

होय, खोटं बोलले. सारखे तुकडे करणारी मी.

जयेशचा चेहरा एकदम उतरला. मी घाईघाईने सांगायला लागले, ढग भरून आलेत, खिंडीतून पाण्याचा लोट येतोय... आणि कॅलेंडर पडलं. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पडलं. वीज गेलेली होती, पंखा बंद. समोरच्या इमारतीला रंग लागत होता म्हणून खिडक्या लावलेल्या. मिलिंद अजून म्हणतो, ताई, तुझं कोपर लागलं. माझे दोन्ही हात मांडीवर होते. तीनचा फासा सगळ्यांच्या समोर.

 मग प्रसाद शांतपणे म्हणाला, "किती रविवार चाललंय हे?"

"आजच. शपथ."

"म्हणजे इतके दिवस त्याचे सहा तू दाबत होतीस, आणि आज आम्ही बोललो म्हणून खोटा सहा काढलास."

"मी काहीही दाबलेलं नाही."

"संध्या, फासा आडोशाला, टाकणारी तू, सांगणारी तू. आणि पंधरा रविवार एकट्या त्यालाच काही नाही. तुमचं दोघांचं काही असेल तर सांग ना सरळ, आम्ही चिडवणार नाही."

माझं डोकं फिरलं. चोरी केली होती हे खरं, पण ती जयेशच्या बाजूने नव्हती, त्याच्या विरुद्ध होती. आणि ते कुणाला पटवून देणार? मी कॅलेंडर उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. म्हणाले, "यापुढे फासा सगळ्यांसमोर पडेल. जयेशसाठी तर तीनदा पडेल, तीन वेगळ्या फाशांनी, वेगळ्या हातांनी. एक जरी सहा आला तरी खोट जागी. बघूया."

आणि मग आम्ही बघितलं.

जांभळी नाक्यावरून दोन नवे फासे आणले. एक मी टाकायचे, एक मिलिंद, एक प्रसाद. एकदा प्रसादने स्वतःसाठी टाकला तर सहा, लगेच तोच फासा जयेशसाठी टाकला तर दोन. एका रविवारी फासे बाजूला ठेवून चिठ्ठ्या केल्या, एक ते सहा, मसाल्याच्या वाटीत टाकून हलवल्या. मिलिंदने डोळे मिटून काढल्या. पाच. परत घालून, एक. परत घालून, पाच. सहाची चिठ्ठी वाटीच्या तळाला चिकटली असेल म्हणून वाटी उलटी केली. नव्हती चिकटलेली. पहिल्यांदा आम्ही हसलो. नाताळपर्यंत हसणं बंद झालं. जयेशसाठी फासा हातात घेतला की तो फाशाकडे बघायचाच नाही, खाली फरशीकडे बघत बसायचा.

मी घाबरले नाही, मी चिडले. तेच तीन फासे मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहाशे वेळा टाकले आणि वहीत नोंद केली. सहा जितके यायला हवेत तितके आले. आई म्हणाली, "अभ्यास अभ्यास म्हणतेस तो हाच का?" मी म्हटलं, हाच. मग नाव न सांगता आमच्या स्टॅटच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "असं घडणं अशक्य नसतं. पण सारखं घडत असेल तर फासा तपासा. फासा ठीक असेल तर टाकणारा तपासा." टाकणारे आम्ही तिघे होतो. मिलिंदला तर धड पत्ते पिसता येत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिवाळी आणि परीक्षेचे रविवार सोडून आणखी चौदा रविवार झाले. सोळा आणि बेचाळीस – अठ्ठावन्न वेळा सहा नाही. हिशोब करा. चाळीस हजारांत एकदा.

त्या रविवारी प्रसाद बॅग न उघडता बसला. म्हणाला, "कारण काहीही असू दे, मला त्याच्याशी घेणं नाही. पण खोट त्रास देत नाही ती खोट नाही, हा तुझाच नियम. माझी हाव सात वेळा नडली. त्याला चार पॉइंट फुकट. हे बरोबर आहे?"

बरोबर नव्हतंच. मी जयेशला म्हणाले, "दुसरी खोट घे. नाहीतर चार पॉइंट परत कर."

"नाही," जयेश म्हणाला.

जयेश कधी कशाला नाही म्हणायचा नाही. पोह्यांत मीठ कमी असलं तरी खायचा. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. "अरे, सोपी देते. आळशी लिही."

"मी ती खोट बदलणार नाही आणि पॉइंटही देणार नाही."

"का पण?"

"ती माझी आहे."

"भैरूची आहे," प्रसाद म्हणाला.

जयेशने चपला घातल्या आणि गेला. पुढचे दोन रविवार आला नाही. कॉलेजातही मागच्या बाकावर बसायचा आणि तास सुटला की निघून जायचा.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. सकाळी दहाची वेळ. कोळीवाड्यात मी त्याआधी कधी गेले नव्हते, दोनदा विचारावं लागलं. घराच्या ओट्यावर त्याचे वडील जाळं सांधत बसले होते. मी नाव सांगितलं, जयेशच्या वर्गात आहे म्हटलं.

"बस पोरी. यो येल आता." त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "त्याला जरा समजव तू. शिकलेली हायस. होलीला होऱ्यांची पूजा आसते. यंदा त्यानी होरीन बसला पायजे. नायतर होरी पुतन्याला. मी आता किती वर्सं वल्हवनार?"

"तो होडीत बसत नाही का?" मी विचारलं.

"कानाचं दुखनं हाय त्याला," आतून त्याची आई पटकन म्हणाली.  वडिलांनी दोरा दातांनी तोडला आणि दुसरी गाठ घेतली.

जयेश आला तेव्हा मला बघून त्याला आनंद झाला नाही. आम्ही खाडीच्या बांधापर्यंत चालत गेलो. म्हणजे मी बांधापर्यंत गेले, तो दहा पावलं मागेच थांबला. भरती होती. मी वळून त्याच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. कुणी सांगायची गरजच नव्हती.

तरी त्याने सांगितलं. सात वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पोहायला शिकवायला पाण्यात टाकलेलं. सगळ्यांना असंच शिकवतात, बाकीची पोरं हातपाय मारत वर येतात. हा होडीखाली गेला. काढला तेव्हा निळा पडला होता. तेव्हापासून गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरू शकत नाही. कोळीवाड्यात हे कसं सांगणार? म्हणून आईने कानाचं दुखणं काढलं. बारा-तेरा वर्षं घरातले, गल्लीतले, सगळे विचारतात, कान बरा झाला का रे?

"रोज विचारतात, संध्या. प्रसादची हाव सात वेळा नडली ना? माझं हे रोज चालू असतं. मी पुस्तक वाचलं, खोटीला पॉइंट मिळतात म्हणून... मला इतकं बरं वाटलेलं. म्हटलं, एकदा तरी कुणीतरी याचे मला पॉइंट देईल. तू दिलेस चार. आणि मग तूच परत मागितलेस."

तोंडात मारल्यासारखं झालं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. मी म्हणाले, "ये रविवारी. पॉइंट तुझेच आहेत. तुझ्यासाठी फासाच टाकणार नाही, नियम मी केला, मीच मोडते."

"नको. फासा टाक," तो म्हणाला. "सगळ्यांसाठी टाकतेस तसा. प्रसाद काही चुकीचं बोलला नाही."

"आणि होळीचं काय करणार?"

"माहीत नाही. बसलो होडीत तर सगळ्यांसमोर ओरडेन. नाही बसलो तर कान."

परत येताना बसमध्ये माझ्या मनात आलं, आणि आलं म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. माझा नियम काय होता? खोट त्रास देत नसेल तर तिला जागं करायचं. हिला तर झोप कधी लागलीच नव्हती. फाशाने तिला जागं करायचं नाकारलं होतं... अठ्ठावन्न वेळा नाकारलं होतं. मग मी खिडकीबाहेर बघून मोठ्याने म्हणाले, "फाशाला काय कळतं?" शेजारच्या बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

होळी आली, गेली. त्यानंतरच्या रविवारी जयेश अडीचला दारात.  नेहमीच्या जागी बसला, पोहे खाल्ले. मी प्रसादला आधीच बजावलं होतं की पॉइंटांचा विषय बंद, आणि का ते विचारायचं नाही. 

प्रसादच्या हावेसाठी फासा टाकला, चार. मिलिंदसाठी, एक. मग जयेशसाठी टाकला. फासा फरशीवर दोनदा उडाला, ताटलीला लागला आणि थांबला.

सहा.

मिलिंद म्हणाला, "ताई, जयेशसाठी माझा टाकायचा राहिलाय." त्याने त्याचा टाकला. सहा. प्रसादने आपला फासा मुठीत बराच वेळ हलवला, ओठ हलत होते त्याचे, देवाचं नाव घेत असावा. टाकला. सहा.

तीन सहा एकदम येणं, दोनशेसोळांत एकदा. एवढं काही नाही, ल्युडो खेळताना तुम्हीही बघितलं असेल. पण माझ्या हातांवर काटा आला, तो दुपारी तीन वाजता, मार्चच्या उकाड्यात, आणि तो मी नाकारणार नाही. तिघांनी माझ्याकडे बघितलं, मी जयेशकडे. तो पहिल्यांदाच फाशांकडे बघत होता.

"काय केलंस तू?" मी विचारलं. असं का विचारलं, कुणास ठाऊक.

"सांगितलं," जयेश म्हणाला. "होळीला. होडीला हार घातला, सगळा वाडा जमलेला, बाबा बोलले बस. मी बोललो, बसणार नाही. माझा कान चांगला आहे, कधीच दुखत नव्हता. मला पाण्याची भीती वाटते, लहानपणापासून वाटते. होडी चुलतदादाला द्या. मोठ्याने बोललो, ढोलवाले थांबले. आई रडायला लागली. बाबा तेव्हापासून बोलत नाहीत माझ्याशी. पण आता कुणी कान विचारत नाही."

प्रसाद आणि मिलिंदला हे सगळंच नवीन होतं. प्रसादच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना दिसत होती. तो म्हणाला, "सॉरी यार."

"संध्या," जयेश म्हणाला, "सहा पडलाय. पाणी आण."

मी आणलं. खिंडीच्या खाली ओढा होता, तो फुगला. पलीकडे गाव, गावाला सावध करायला तिघांनी जायलाच हवं. मिलिंदचा माणूस उतरला. प्रसादचा उतरला. मी विचारलं, भैरू काय करतो?

"भैरू म्हणतो, मी येणार नाही. मला भीती वाटते. बाणाला दोर बांधून मी या काठावरून पलीकडच्या झाडात मारतो, तो धरून तुम्ही जा." जयेशने बोटाने फासा माझ्याकडे सरकवला. "भैरूचा नेम चुकत नाही."

त्या दिवशी गाव वाचलं. त्यानंतर जयेशसाठीही एकच फासा ठेवून आम्ही मे महिन्यापर्यंत खेळलो आणि भैरूची खोट इतरांसारखीच वागली, कधी जागी, बहुतेक वेळा झोपलेली. मी नोंदी ठेवल्या आहेत. त्यात काहीही विशेष नाही.

आता स्पष्टीकरण. आई म्हणाली, त्या पोराच्या पाठीशी कुणी पूर्वज असतील. माझी मावशी अंगारा घेऊन आली, मी तो तुळशीत टाकला. प्रसाद आता परदेशात असतो, तो ठामपणे योगायोग म्हणतो, पण ते तीन फासे त्याला पाठवू का विचारलं तर नको म्हणाला. योगायोग म्हणायला माझी हरकत नाही, मात्र म्हणणाऱ्याने आधी चाळीस हजारांचं गणित करून दाखवावं. भूत म्हणायला माझी हरकत आहे. वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून एका खेळाचा समतोल सांभाळत बसेल, इतकं रिकामं भूत मला माहीत नाही. आणि खरंच कुणी होतं असेल, तर त्याला माझं एवढंच म्हणणं आहे की कॅलेंडर पाडण्यापेक्षा सरळ सांगायचं होतं. मी दसऱ्यालाच कोळीवाड्यात गेले असते.

एक प्रसंग राहिला. त्याच मे महिन्यात एका सकाळी जयेशचे वडील आमच्या दारात उभे. हातात सुकटीची पिशवी. जयेश बरोबर नव्हता, त्यांनी कंडक्टरला विचारत विचारत वर्तकनगर गाठलेलं. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. आईने पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं.

"पोरी, तुमचे खेलान भीतीला मार्क देतात. जयेश बोलला."

म्हणजे दोघं बोलायला लागले होते. मी म्हटलं, "हो काका, देतो."

"त्याला किती दिलेस?"

"चार."

"कितीपैकी?"

"जास्तीत जास्त सहा."

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "कमी दिलेस. सगल्या वाड्यासमोर बोलला तो. माझा धाकला भाव खाडीन बुडला माझ्यासमोर, तवापासून मना पन वाटते भीती, रोज, होरी सोडताना. चालीस वर्सं झाली. मी नाय कुनाला बोलू शकलो."

पाणी न पिताच ते उठले. ते जिना उतरून गेल्यावर मी फाइल काढली, भैरूच्या कागदावर चार खोडून सहा केले. फासा का पडत नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. चार चुकीचे होते, एवढं मात्र खात्रीने सांगते.